कोळंबी छापलीत, कीटक राहिले

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला चिनी शाईचित्रांवरचा लेख आवडला. मात्र त्यात चित्रकार ची बायशी यांचं कोळंबीचं चित्र छापून त्यांना 'चार फटकाऱ्यांत चित्र संपवणारा' म्हटलंय, ते काही पटलं नाही. त्यांचे कीटक पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

हे गृहस्थ (१८६४-१९५७) हूनान प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरचे. अंगात शेतकामाचं बळ नाही म्हणून पोराला सुतारकामाला घातलं, पुढे तो लाकडावर कोरीवकाम करू लागला. तो हात त्यांच्या नाकतोड्यात दिसतो. मागच्या पायांवरचे काटे मोजून घ्यावेत, मिशी न थरथरता एका ओढीत गेलेली. चतुराचा पंख म्हणजे शाईचं जेमतेम रंगलेलं पाणी आणि त्यावर केसाएवढ्या शिरा. गंमत पुढेच आहे. त्याच कागदावर शेजारचं पान जाड, ओल्या कुंचल्याने सरळ फासलेलं. तेही हिरवं नाही, काळं. आणि फूल लालभडक. साठीच्या उंबरठ्यावर, बीजिंगमध्ये, चन शिझंग या चित्रकार मित्राच्या आग्रहावरून त्यांनी जुनी धाटणी मोडली आणि हा काळ्या-लालचा खेळ मांडला. १९२२ साली याच मित्राने त्यांची चित्रं तोक्योच्या प्रदर्शनात नेली, तेव्हा कुठे नाव झालं.

कच्चा चिनी कागद शाई लगेच पितो. कुंचला टेकवून विचार करत बसलात की डाग पडलाच. पानाला ते शोभतं, मिशीला नाही.

म्हातारपणी नजर साथ देणार नाही हे ओळखून त्यांनी बारीक कीटक आधीच काढून ठेवले होते. फांद्या-पानं नंतर सवडीने. काही कागदांवर ती फांदी कधी उगवलीच नाही. कोऱ्या कागदावर एकटाच किडा. मला हीच चित्रं सर्वांत आवडतात. (आमच्या वेळच्या एखाद्या परीक्षकाने 'अपूर्ण' असा शेरा मारून मार्क कापले असते!)

हे सगळं लिहिते आहे कारण 'फटकारा' हा शब्द मुलांना फार लवकर आवडतो. संकल्पचित्रातलं फुलपाखरू म्हणजे चार पाकळ्या आणि मधे काडी, हे मी वर्षानुवर्षं तपासलं आहे. शेवटी वर्गाला शाळेमागच्या गवतात नेऊन बसवायची. सहाही पाय छातीच्या भागातून निघतात, पोटातून एकही नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर सातवीतल्या मुलांनी काढलेले टोळ उडी मारतील असे दिसू लागले. फटकारा मग शिकवला, आणि तोही फक्त गवतासाठी.

एक विनंती. पुढच्या एखाद्या रविवारी त्यांचं एक कीटकचित्र रंगीत आणि निदान अर्ध्या पानाचं छापा. कोळंबीसारखं टपाल तिकिटाएवढं छापलंत तर मिशा वर्तमानपत्राच्या कागदातच जिरून जातील.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, वाई