‘सवय होईल’ असे नव्या कामगाराला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मी २६ वर्षे काम केले. नवा पोरगा पहिल्या दिवशी यंत्रांच्या गोंगाटाने कानांवर हात ठेवायचा, तेव्हा आम्ही जुने लोक त्याला सांगायचो, ‘महिनाभरात सवय होईल.’ आज कळते, ती सवय नव्हती, कान जात होते. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात; त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. पाळी सुटल्यावर कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत थांबायची, म्हणून कुणी मनावर घेतले नाही.

आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे, वरच्या पट्टीचे आवाज. समोरचा बोलतोय हे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि शब्द लागत नाही. घरच्यांना वाटते, याचे लक्षच नाही. हे फार लागते मनाला.

८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, ही मर्यादा बहुतेक तज्ज्ञ मानतात. मात्र ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशेबाने ८८ डेसिबलला ४ तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटे. मोजायचे यंत्र नसले तरी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथे धोका आहे असेच समजावे.

कानात घालायचे प्लग कामगारांना वाटून दिले की काम झाले, असे मालकांनी मानू नये. ३० डेसिबल अडवणारा प्लग निम्मी पाळी काढून ठेवला, तर बचाव उरतो फक्त ३ डेसिबलचा. फोमचा प्लग बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून तो आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचा, हे मला कुणी कधी दाखवले नाही. मुळात आवाज यंत्रापाशीच अडवावा: हवा सुटते तिथे सायलेन्सर, थरथरणाऱ्या यंत्राखाली रबर, सैल पत्रे आवळणे, झिजलेले बेअरिंग वेळेवर बदलणे. यातले बरेचसे तर नुसत्या देखभालीचे काम आहे.

आणि कामावर घेतानाच श्रवणचाचणी करावी, मग दरवर्षी. पहिला आलेखच नसेल तर पुढची घसरण ताडून पाहणार कशाशी? चाचणीआधी १४ तास तरी माणूस गोंगाटापासून दूर असावा, आणि तिचा कागद त्याच्या हातात मिळावा. माझी पहिली चाचणी झाली ती निवृत्तीनंतर.

आपला,
एक निवृत्त कामगार