वेंगुर्ल्याच्या दीडशे वर्षांसाठी माळ्यावरची पेटी उघडा

समस्त वेंगुर्लेकर, सासरी गेलेल्या माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्यातले आपले चाकरमानी यांना उत्सव समितीचा सप्रेम नमस्कार.

आपल्या गावात नगरपालिका स्थापन झाली त्याला दीडशे वर्षे होत आहेत. मिरवणूक निघेल, दशावतार होईल, बाजारपेठेत रोषणाई होईल. त्यासाठी मंडळे पुढे आली आहेत आणि वर्गणीही जमते आहे. हे आवाहन त्यासाठी नाही. गावाचा जो इतिहास घराघरांत पडून आहे तो यंदा एकत्र करायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी कागद हवेत, पैसे हवेत आणि माणसेही हवीत.

वेंगुर्ला नगरपालिकेपेक्षा कितीतरी जुना. १६३८ मध्ये डचांचे ठाणे इथे होते. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणारी त्यांची जहाजे पाणी आणि शिधा भरायला आपल्याच बंदरात येत. १६४८ साली आलेला फ्रेंच जवाहिर ताव्हेर्निए याने बंदराची वाखाणणी केली आणि इथल्या वेलचीच्या व्यापाराचीही नोंद केली. तेव्हाचे युरोपीय लोक गावाला 'मिंग्रेला' म्हणत. डचांच्या जांभ्या दगडाच्या वखारीच्या भिंती आजही उभ्या आहेत, छप्पर मात्र गेले.

त्या वखारीत बसून डच अधिकाऱ्यांनी बटाव्हियाला (आजचे जाकार्ता) आणि मायदेशी पत्रे पाठवली. त्यांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत, आदिलशाहीच्या आहेत, बाजारभावाच्याही आहेत. शिवकाळाचे अभ्यासक आजही ती पत्रे धुंडाळतात. डच ईस्ट इंडिया कंपनीचे हे दप्तर नेदरलँड्समध्ये, हेग शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट जपून ठेवलेले आहे. परक्यांनी आपल्या गावाबद्दल लिहिलेला कागद पावणेचारशे वर्षे टिकतो आणि आपल्या पणजोबांची चोपडी दोन पावसाळ्यांत वाळवी खाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच ही धडपड.

१८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीने वेंगुर्ला इंग्रजांच्या हवाली केला. बंदरातून आंबोलीच्या घाटाने बेळगावपर्यंत बैलगाड्या जात. गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे आली तसा घाटमाथ्याचा माल तिकडे वळला आणि आपल्या बंदराची रया गेली. तरी मुंबईची बोट पुढेही कित्येक वर्षे येत राहिली. या गावातली किती घरे त्या बोटीच्या तिकिटावर उभी राहिली! गिरणीत लागलेला मुलगा, त्याची मनीऑर्डर, गणपतीला आलेली त्याची पत्र्याची ट्रंक. हे सगळे अजून कुणाला तरी आठवते, पण आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कोकण रेल्वे झाली तीही आपल्या गावाला बगल देऊन गेली, त्यामुळे नव्या पिढीला वेंगुर्ला म्हणजे रस्ता संपतो ते गाव वाटते. इथून एके काळी रस्ता सुरू होत होता, हे मुलांना कळायला हवे.

तर आमची पहिली विनंती अशी. माळा काढा, पेट्या उघडा. गलबतवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या, मोडीतले खरेदीखत, बोटीचे तिकीट, बंदरावरचा, शाळेचा किंवा लग्नाचा फोटो, मुंबईहून आलेले साधे कार्ड, काहीही चालेल. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. त्यात भाग घेतलेल्यांच्या घरी पत्रे असतील तर ती आवर्जून दाखवा. कागद फाटका आहे, डाग पडले आहेत, म्हणून टाकू नका. आम्ही तुमच्या घरी येऊ, तुमच्यासमोर स्कॅन करू आणि मूळ कागद तिथेच तुमच्या हातात परत देऊ. तुमच्या परवानगीशिवाय एकही फोटो प्रदर्शनात लागणार नाही.

इतिहास फक्त कागदवाल्यांचा नसतो, याचीही आम्हाला जाणीव आहे. रापणीचे जाळे ओढणारे रापणकार, खलाशी, बोटीपर्यंत पडाव (होड्या) नेणारे आणि काजूच्या कारखान्यांत आयुष्यभर बी सोलणाऱ्या बाया यांच्या घरी चोपड्या सापडायच्या नाहीत. त्यांचे बोलणे आम्ही त्यांच्याच मालवणीत ध्वनिमुद्रित करणार आहोत. त्याकरिता कॉलेजची मुले हवीत. आजीजवळ बसून "आजये, बोटीचा सांग मां" एवढे म्हणणारे नातवंड असले तरी पुरे. गावाच्या कॅम्प भागातल्या फळ संशोधन केंद्रात १९५७ पासून काम केलेल्यांपैकी जे कुणी आज गावात असतील त्यांनीही बोलावे. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जातींनी गावाचे नाव कुठल्या कुठे नेले. ती कलमे कशी घडली हे ज्यांनी माती हाताळली त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.

मोडी वाचणारी माणसे तर आम्हाला सोन्यासारखी आहेत. तुम्ही बाहेरगावी असलात तरी चालेल, स्कॅन केलेली पाने पाठवू.

आता पैशांबद्दल. जमलेली देणगी चार कामांवर खर्च होईल: स्कॅनर आणि ध्वनिमुद्रणाची साधने, कागद ठेवायच्या आम्लविरहित पेट्या, शाळाशाळांत फिरणारे प्रदर्शन आणि शेवटी एक सचित्र पुस्तिका. सत्कार, शाली आणि जेवणावळी यांवर यातला रुपयाही जाणार नाही. डच वखार हे राज्याचे संरक्षित स्मारक आहे. तिथे आम्ही फक्त परवानगी घेऊन भोवतालची झाडी साफ करणार आहोत, तेही श्रमदानाने. भिंतीला खिळा नाही, रंग नाही, रोषणाईही नाही. कोयता-विळा घेऊन यायची तयारी असलेल्यांनी नावे कळवावीत.

रक्कम कितीही लहान असू द्या, पावती मात्र मागून घ्या. पावतीपुस्तकावर समितीचा शिक्का आणि खाते क्रमांक छापलेला आहे. शिक्का नसलेल्या पावतीवर कुणालाही पैसे देऊ नका. हिशेब दर महिन्याला नगरपालिकेजवळच्या फलकावर लागेल.

मुंबईकरांनी गणपतीला येताना घरातला जुना आल्बम सामानात टाकावा. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमचे स्वयंसेवक वाडीवाडीत फिरणार आहेत. ज्यांना त्या आधी वेळ आहे त्यांनी पावसाची वाट न पाहता पेट्या आताच उघडाव्यात, कारण पहिल्या सरीनंतर माळ्यावरची ओल कागद सोडत नाही.

आपली नम्र,
उत्सव समिती, वेंगुर्ला