मेंदूचा 'उजळलेला' भाग

संपादक महोदय,

मेंदूवरच्या संशोधनाच्या बातम्या आता वरचेवर छापून येतात, याचा आनंदच आहे. पण 'अमुक भाग उजळला, म्हणजे त्या माणसाला भीती वाटली' हे वाक्य आणि सोबतचं लाल-पिवळ्या ठिपक्यांचं चित्र वाचकाची दिशाभूल करतं.

अशी चित्रं ज्या स्कॅनमधून मिळतात, तो फंक्शनल एमआरआय चेतापेशींचं काम थेट टिपत नाही. पेशी कामाला लागल्या की त्या जागी ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो आणि चुंबकीय संदेशात साधारण १-२ टक्क्यांचा फरक पडतो. हा फरक शिगेला पोहोचायला ५-६ सेकंद लागतात. चेतापेशीचा एक स्पंद मात्र मिलिसेकंदभरात होऊन जातो. शिवाय ३ मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्याची मिळून एकच नोंद होते, आणि तेवढ्या जागेत काही लाख चेतापेशी मावतात. रंग नंतर संगणकावर भरतात. ते दोन स्थितींमधला फरक किती ठळक आहे एवढंच सांगतात. करडा दिसणारा बाकीचा मेंदूही त्या वेळी कामात असतोच.

खरी गोम आकडेमोडीत आहे. असे ५०,००० ठोकळे तपासले आणि प्रत्येक ठोकळ्यामागे हजारात एक चूक चालवून घेतली, तर काहीच घडत नसताना सुमारे ५० ठिकाणी 'हालचाल' सापडेल. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. त्याच्याही मेंदूत ठिपके उमटले. इतक्या तुलना एकदम केल्याबद्दलची सांख्यिकी दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. २०२० मध्ये १०८ जणांच्या स्कॅनची एकच माहिती ७० गटांना तपासायला दिली, तर कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत जुळली नाही, आणि काही प्रश्नांची उत्तरंही वेगवेगळी आली.

'हुशार माणसांचा मेंदू असा असतो' छापाच्या बातम्यांबाबत तर जास्तच जपायला हवं. सुमारे ५०,००० जणांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात असं दिसलं, की मेंदूची रचना आणि बुद्धी किंवा स्वभाव यांतले संबंध फारच क्षीण असतात आणि ते खात्रीने पकडायला हजारो माणसं लागतात. तोवरच्या अशा अभ्यासांत साधारण २५ जण असत. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तपासून केलेला छोटा अभ्यास मात्र भक्कम असू शकतो; नुसती संख्या पाहून तो मोडीत काढू नये.

भीतीचा मुद्दाही त्यातलाच. अमिग्डाला हा मेंदूतला एक छोटा भाग भीतीत सक्रिय होतो, तसा नवीन किंवा सुखद गोष्टींनीही होतो. म्हणून तो सक्रिय दिसला यावरून 'भीती वाटली' असा उलटा निष्कर्ष निघत नाही.

तेव्हा विनंती अशी: बातमीत माणसं किती होती, त्यांना नेमकं काय करायला सांगितलं, तुलना कशाशी केली आणि दुसऱ्या गटात तोच निष्कर्ष पुन्हा मिळाला का, एवढं छापावं. नुसता संबंध दिसला असेल, तर मथळ्यात 'मुळे' लिहू नये. पहिल्या तीन गोष्टी मूळ शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागात मिळतात, आणि चौथी विचारायला संशोधकांना एक ईमेल पुरतो.

आपला,
मेंदूविज्ञानाचा एक अभ्यासक