'अँड' आणि 'विथ' यांतला फरक दाखवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण तू मला जे सांगितलंस, ते कायदा किंवा बिझनेससोबत फ्रेंच घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जावं असं वाटतं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या यादीत अकरा अभ्यासक्रम होते. सगळ्यांच्या नावात फ्रेंच होतं, आणि मला ते सगळे सारखेच वाटत होते. तू विद्यापीठांच्या नावांकडे पाहिलंही नाहीस. पेन्सिल घेतलीस आणि फक्त 'अँड' आणि 'विथ' या दोन शब्दांखाली रेघा मारल्यास. ब्रिटिश विद्यापीठांत 'लॉ अँड फ्रेंच' म्हणजे साधारण निम्मं निम्मं, भाषा आणि साहित्याचं वजन कायद्याच्या बरोबरीचं. 'लॉ विथ फ्रेंच'मध्ये कायदा मुख्य, भाषा जोडीला. आणि 'लॉ विथ फ्रेंच लॉ' हे तिसरंच प्रकरण: तिथे फ्रेंच शिकायची नसते, फ्रेंचमधून कायदा शिकायचा असतो, चारपैकी एक वर्ष फ्रान्समधल्या विद्यापीठात, तिथल्याच मुलांसोबत बसून. याच्याही पुढचं टोक म्हणून तू लंडनचं किंग्ज कॉलेज आणि पॅरिसचं पाँतेओं-सोरबोन यांची जोडपदवी दाखवलीस. दोन वर्षं लंडन, दोन वर्षं पॅरिस, आणि शेवटी हातात दोन्हीकडची पदवी.

मग तू विचारलंस, "फ्रेंच तुला शिकायचीय, की तिच्यातून काम करायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. तू घाई केली नाहीस. "आठवडाभर घे," म्हणालीस. इतर सगळे त्या दिवसांत मला अर्जाच्या तारखा सांगत होते, ताई. तो आठवडा मी विसरणार नाही.

बिझनेसचा पर्यायही तू मोडीत काढला नाहीस, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तू म्हणालीस की बिझनेसवाल्यांना भाषा वर्गापेक्षा 'स्ताज'मध्ये येते, म्हणजे फ्रेंच कंपनीतल्या इंटर्नशिपमध्ये. आणि त्यासाठी विद्यार्थी, विद्यापीठ आणि कंपनी अशा तिघांमधला करार लागतो. म्हणून विद्यापीठाला आधी हेच विचारायचं: परदेशातल्या वर्षात मी शिकणार, की काम करणार? आणि ती जागा तुम्ही शोधणार, की मी? या दोन प्रश्नांवर माझ्या यादीतली चार नावं गेली. बिझनेसची पदवी पुष्कळशी कुठेही चालते, कायद्याची मात्र सीमेपाशी अडते, हेही तूच सांगितलंस. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः अशिलांना सल्ला देणारा वकील, व्हायला कोणत्याही विषयातली पदवी चालते, पण पुढे एसक्यूई ही सॉलिसिटरांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. बॅरिस्टर व्हायचं तर कायद्याचे सात पायाभूत विषय झालेले हवेत, आणि निम्म्या निम्म्या पदवीत त्यातला एखादा निसटू शकतो. "वकिली कुठे करणार ते आधी ठरव आणि तिथल्या वकिलांच्या नियामक संस्थेलाच लेखी विचार." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

शेवटी मी कायदाच निवडला, त्याचं कारण तू सहज सांगितलेली एक गोष्ट. इंग्लंडच्या न्यायालयांत शतकानुशतकं फ्रेंच चालायची. १३६२ साली युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला, आणि तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! आपण बिनदिक्कत 'मॉर्गेज' म्हणतो, त्याचा जुन्या फ्रेंचमधला अर्थ 'मृत तारण'. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या दोन गोष्टी मी जोडू पाहत होते, त्या कधीच्याच जोडलेल्या होत्या.

आता मी फ्रान्समध्ये आहे, तिसऱ्या वर्षाला. तू बजावलेले फसवे शब्द रोज भेटतात. इथे 'झ्युरिस्प्रुदाँस' म्हणजे विधिशास्त्र नव्हे, न्यायालयांचे निवाडे. 'माजिस्त्रा'मध्ये न्यायाधीश येतो तसा सरकारी अभियोक्ताही येतो. पण खरी गंमत शब्दांच्या आतली आहे. इंग्रजी कायद्यात कराराला मोबदला लागतो, आणि वाटाघाटींमध्ये सद्भावनेनं वागण्याचं सर्वसाधारण बंधन नाही. १९९२ च्या वॉलफोर्ड विरुद्ध माइल्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, तसं स्पष्टच सांगितलं. फ्रेंच कायद्यात मोबदल्याची अट नाही, पण वाटाघाटींपासूनच सद्भावना हवी. एकाच व्यवहाराकडे दोन देश इतक्या वेगळ्या नजरेनं बघतात, हे भाषांतर वाचून मला कधीच कळलं नसतं.

पहिल्या सत्रात निवाड्यावरचं भाष्य लिहिताना मी इंग्रजी सवयीनं आधी वस्तुस्थिती, मग मत असं सरळ लिहीत गेले आणि वीसपैकी सात गुण मिळाले. इथे दोन भाग, प्रत्येकाचे दोन उपभाग, आणि शीर्षकांतूनच युक्तिवाद दिसला पाहिजे. तू फोनवर दीड तास बसून माझी शीर्षकं दुरुस्त करून घेतलीस, एकही स्वतः लिहून न देता. पुढच्या वेळी बारा मिळाले. इथे दहाला उत्तीर्ण होतात, तेव्हा हे बारा मला फार मोठे आहेत.

तू दिलेली कराराच्या कायद्याची वही अजून माझ्याकडे आहे. ती २०१६ च्या सुधारणेआधीची, त्यामुळे फ्रेंच नागरी संहितेच्या त्या भागातले कलमांचे आकडे जुने आहेत. तुझ्या १३८२ शेजारी मी पेन्सिलीनं १२४० लिहिलं आहे. ११३४ शेजारी ११०३ आणि ११०४, आणि खाली एक ओळ: संहितेत सद्भावना पूर्वी करार पाळण्यापुरतीच लिहिलेली होती, आता वाटाघाटींसाठीही लिहिली आहे. बावीस पानं झाली आहेत. उरलेली सुट्टीत पूर्ण करते आणि वही तुला परत पाठवते.

तुझी,
अकरा नावांची यादी घेऊन आलेली