खापर फक्त पालकांवर नको

मुंबईतील गोवंडी परिसरातील गोवरच्या साथीसंबंधीच्या वृत्तात (नोव्हेंबर २०२२) लसीकरण रखडल्याचे खापर पालकांच्या अज्ञानावर फोडले आहे. हे अर्धेच खरे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना मांडीत पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांपासून बचाव करणारी) लस टोचतात. त्यानंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे हे नेहमीचेच. पण आधी कुणी सांगितले नाही, तर रात्रभर लेकरू घेऊन बसलेल्या आईला वाटणारच, की धडधाकट पोर सुईने आजारी पडले. शिवाय दुसऱ्या दिवशीची मजुरीही बुडते. मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोससाठी ती फिरकत नाही. १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा दुसरा डोस तर दूरच.

त्या वेळी साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, असे केंद्राने सुचवले होते. ‘दोन झालेत, मग तिसरा कशाला? आधीचे वाया गेले का?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे; मीही तो विचारला असता. साथीत एकही मूल सुटू नये म्हणून, एवढेच त्याचे उत्तर. पण ते दारात उभे राहून द्यावे लागते. पोलिओच्या वेळी आपण ते दिले होते. महापालिकेने संध्याकाळची आणि रविवारची सत्रे ठेवावीत आणि कार्डावर पुढची तारीख लिहितानाच तापाविषयी दोन वाक्ये बोलावीत.

— एक पालक, चेंबूर