विषय: फ्लॅकचे पैसे घेऊन एमपीथ्री गळ्यात मारल्याबद्दल, तिसरी तक्रार

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय.

वडिलांच्या भजनी मंडळाच्या 11 कॅसेट तुमच्याकडे डिजिटल करायला दिल्या. फ्लॅक (आवाजातलं काहीही न फेकता साठवणारी फाईल) पाहिजे म्हणून कॅसेटमागे 150 रुपये जादा भरले, म्हणजे 1650, पावती आहे. पेनड्राइव्ह आला, फायली सगळ्या फ्लॅक, पण टाळ वाजला की पाण्याखालून आल्यासारखा फसफसतो. कॅसेट द्यायच्या आधी 3 नंबरची घरच्या डेकवर ऐकली होती, टाळ खणखणीत होता. म्हणून फाईल ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र, बघितला तर 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं. कॅसेटची खरखर हळूहळू विरत जाते हो, अशी सुरीने कापल्यासारखी थांबत नाही, हे 128 बिटरेटच्या, म्हणजे दाबून छोट्या केलेल्या एमपीथ्रीचं लक्षण आहे. आणि कळस म्हणजे पेनड्राइव्हवर 'टेम्प' नावाचा फोल्डर तुम्ही लोक पुसायला विसरलात, त्यात त्याच एमपीथ्री, तासाच्या कॅसेटची 57 एमबीची फाईल, तारीख फ्लॅकच्या आदल्या दिवसाची! निदान पुरावा तरी नीट पुसायचा.

आता आजचा फोन. मॅडम म्हणाल्या, "काका, एक्स्टेंशन बघा ना, फ्लॅकच आहे." मी म्हटलं एमपीथ्रीवरून बनवलेली फ्लॅक नुसती साइजने फुगते, एमपीथ्रीने फेकून दिलेलं परत येत नाही, भज्यातनं परत कांदा निघतो का? मग 14 मिनिटं होल्ड, सनई (तीही फसफसणारी), मग सुपरवायझर. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काका, वय काय तुमचं?" 63 म्हटलं. तर म्हणे, "मग तसंही वरच्या फ्रिक्वेन्सी तुम्हाला ऐकू येत नसतील, उगाच त्रास कशाला करून घेता?" आणि मागे कोणीतरी हसलं. साहेब, 16 च्या वरचं मला ऐकू येत नाही हे मलाही माहितीये, पण कमी बिटरेटला एमपीथ्री टाळ-झांजेची वाट लावते ती खालीसुद्धा, प्रत्येक ठोक्याच्या आजूबाजूला, आणि ते माझ्या म्हाताऱ्या कानाला चांगलं ऐकू येतं. वय विचारायचंच होतं तर 1650 घेताना विचारायचं, सीनियर सिटिझन डिस्काउंट तरी मिळाला असता.

माझं एमपीथ्रीशी वाकडं नाही. बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवायला मीच काढणार होतो, फ्लॅकमधून पाहिजे तेव्हा निघते, उलटं होत नाही. म्हणून तर जादा पैसे दिले. हे तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय आणि तुमच्याच सुपरवायझरला माहीत नाही? तुमचं नाव मीच दोघातिघांना सुचवलं होतं, आता त्यांना काय तोंड दाखवू.

8 दिवसांत डेकवरून पुन्हा रेकॉर्ड करून थेट वॅव्ह किंवा फ्लॅक द्या, मधे एमपीथ्री नको. पण 7 नंबरला हात लावू नका, तिला बुरशी आलीये, ती तुमच्याकडे परत वाजायला नको, तशीच पाठवून द्या. नाही जमलं तर सगळ्या कॅसेट आणि पूर्ण पैसे परत, फक्त 1650 नाही. नाहीतर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार आणि मग ग्राहक आयोग, तो टेम्प फोल्डर मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलाय.

आणि यापुढे मला काका म्हणू नका.