कामावरून कमी केलेल्यानेच पुरावा का आणायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘ईएसआय’ म्हणतो त्याच्याकडून, बेकारीच्या काळात रोख भत्ता मिळू शकतो, ही गोष्ट आमच्या औद्योगिक वसाहतींत अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. ईएसआय म्हणजे दवाखाना आणि आजारपणाची रजा, एवढीच बहुतेकांची समजूत असते. मी वाळूज परिसरात टाइम ऑफिसात नोकरी केली. हजेरी, पगारपत्रक आणि ईएसआय-पीएफची दरमहाची विवरणपत्रे भरणे हे माझे काम होते. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे कामगार कागद घेऊन घरी येतात आणि मी त्यांचे अर्ज भरून देतो. टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून अशा दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिल्यामुळे त्यातील एका मुख्य दोषाकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावे असे वाटते.

आधी या भत्त्याचे स्वरूप सांगतो. अटल विमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून लागू झाली. सुरुवातीला सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपुरती आणि तीही आयुष्यात एकदाच मिळत असे. करोनाच्या टाळेबंदीत लाखोंचे काम गेल्यावर, २४ मार्च २०२० पासून हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले, काम सुटल्यानंतर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला आणि मालकामार्फत जाण्याची अट काढून कामगाराला थेट अर्ज करण्याची मुभा दिली गेली. ही सुधारणा निःसंशय चांगली होती. मात्र ती कायमस्वरूपी न करता मुदतवाढ देत देत चालवली गेली, त्यामुळे शाखा कार्यालयातील कर्मचाऱ्यालाही ‘सध्या कोणता नियम आहे’ हे परिपत्रक काढून पाहावे लागते. दरमहा १८,००० रुपये मिळवणाऱ्याला या हिशेबाने तीन महिन्यांचे मिळून सुमारे २७,००० रुपये मिळतात. याच कामगाराच्या नावावर दरमहा पगारातून पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये आणि मालकाकडून सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ रुपये जमा होत असतात. तेव्हा ही खैरात नव्हे, वर्गणी भरून घेतलेला विमा आहे.

पण दावा करताना एक प्रश्न आडवा येतो: काम का सुटले? गैरवर्तनाबद्दल काढले असेल, वयोमर्यादेमुळे निवृत्ती आली असेल किंवा स्वेच्छेने निवृत्ती घेतली असेल, तर हा भत्ता मिळत नाही. अट वाजवी आहे. अडचण अशी की, काम का सुटले याची नोंद करण्याचा अधिकार ज्याने कामावरून काढले त्याच्याच हातात असतो. ईएसआयचे मासिक विवरणपत्र भरताना ज्या कामगाराचे त्या महिन्यात शून्य दिवस भरले असतील त्याच्यासमोर कारण निवडावे लागते. ‘नोकरी सोडली’ हे एक कारण, ‘कपात’ हे दुसरे, ‘काम नाही’ हे तिसरे. कपात लिहिले की नोटीस दिली होती का, नुकसानभरपाई दिली का, असे प्रश्न उपस्थित होतात. नोकरी सोडली असे लिहिले की कोणी काही विचारत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कोणते कारण निवडले जाते हे वेगळे सांगायला नको. शिवाय हिशेबाचा चेक देण्यापूर्वी राजीनाम्याच्या छापील मजकुराखाली सही घेण्याची पद्धत ठेकेदारांकडे सर्रास आहे. घरभाडे आणि मोटारसायकलचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस ती सही करतो आणि महिन्याभराने भत्त्यासाठी गेल्यावर त्याला समजते की कागदोपत्री आपण स्वखुशीने घरी बसलो आहोत.

या एका नोंदीवर किती पैसा अवलंबून आहे, ते पाहा. ईएसआयचीच १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कायदेशीर कपातीमुळे काम गेलेल्या पात्र विमित कामगाराला त्या योजनेखाली पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता, त्या काळात कुटुंबाला वैद्यकीय उपचार आणि कौशल्यवाढीचे प्रशिक्षण घेतल्यास त्याची फी व प्रवासखर्च अशी तरतूद आहे. १८,००० रुपये वेतनावर ढोबळ हिशेब केला तर दोन वर्षांचे १,६२,००० रुपये होतात. म्हणजे त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, तितकीच वर्षे काम केलेल्या माणसाला संगणकातील एका रकान्यानुसार एक लाख बासष्ट हजार, सत्तावीस हजार किंवा शून्य रुपये मिळू शकतात, आणि तो रकाना भरताना त्याला कोणी विचारतही नाही.

हा भार कामगारावर टाकण्याचे कारण मला समजलेले नाही. त्याची वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाली, एकाच कारखान्यातील किती जणांची वर्गणी एकाच महिन्यात थांबली, त्याच्या आधारवर दुसऱ्या मालकाची वर्गणी सुरू झाली आहे का, हे सगळे महामंडळाच्या संगणकावर असते. एका महिन्यात चाळीस जणांनी आपखुशीने नोकरी सोडली असे विवरणपत्र म्हणत असेल, तर संशय घ्यायला फार मोठी बुद्धी लागत नाही. असे असताना ‘मालकाकडून पत्र आणा’ असे त्या चाळिसांना सांगण्याऐवजी महामंडळाने स्वतः मालकाला विचारावे, ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास कामगाराचे म्हणणे ग्राह्य धरावे आणि तोपर्यंत भत्ता तात्पुरता सुरू करावा. पुढे दावा खोटा निघाला तर वसुलीचा मार्ग खुलाच राहील.

ठेका पद्धतीतील कामगाराला आणखी एका अटीचा जाच होतो. किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी, काम सुटण्याच्या लगत आधीच्या वर्गणी-कालावधीत निदान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तितकीच वर्गणी, अशी शिथिल केलेली अट आहे. वर्गणी-कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. कायम कामगाराला ही अट सहज पूर्ण करता येते. पण आमच्याकडे ठरावीक महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची रीत आहे: गेटपास काढून घ्यायचा, महिनाभर घरी बसवायचे आणि नंतर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच लाइनवर परत घ्यायचे. त्यात कधी पूर्वीचा विमा क्रमांक न देता नवा काढला जातो आणि आधीची वर्षे हिशेबातून गळतात. वर्षानुवर्षे त्याच शॉपमध्ये राबलेला वेल्डर अशा रीतीने कागदोपत्री नवखा ठरतो. दोन क्रमांक एकत्र करून घेता येतात. मात्र ते काम सुटण्याआधी करून ठेवावे, असा माझा प्रत्येक कामगाराला आग्रह असतो.

आणि ज्याचे वेतन महिना २१,००० रुपयांच्या वर आहे त्याला यातले काहीच नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तीच आहे. ओव्हरटाइम सोडून एवढे वेतन आज अनुभवी सीएनसी सेटरलाही मिळते. पगारवाढ झाली म्हणून त्याने पेढे वाटलेले असतात आणि चालू वर्गणी-कालावधी संपला की तो विम्यातून बाहेर पडलेला असतो. संगणक क्षेत्रातील तरुणांची तर गोष्टच वेगळी; त्यांच्या कपातीच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, पण त्यांच्यासाठी बेकारी विमा नावाची वस्तू देशात नाही.

मग उरतो भविष्य निर्वाह निधी. तो आपलाच साठवलेला पैसा आहे, त्याला बेकारी भत्ता म्हणता येत नाही. पण अडचणीत प्रत्येकाचा हात आधी तिकडेच जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार काम गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल, परंतु २५ टक्के किमान शिल्लक राहील आणि पूर्ण रक्कम काढण्यासाठी पूर्वीच्या दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावे लागेल. लोक दर नोकरीबदलाला खाते रिकामे करतात आणि म्हातारपणी हात चोळत बसतात, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो, कारण तसे करणारे मी खूप पाहिले. पण हाच नियम दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नाशिवाय बसलेल्या माणसाला लावताना त्याच्यासाठी भत्त्याची वाट आधी मोकळी असायला हवी होती. पीएफच्या दाव्यातही काम सोडल्याची तारीख मालकाने भरलेली नसते, आधारवरील नाव आणि खात्यावरील नाव यांत आडनावाच्या एका वेलांटीचा फरक असतो आणि दावा परत येतो. शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण त्यासाठी ठेकेदाराच्या ऑफिसात खेटे घालणारे लोक अजून भेटतात.

प्रशिक्षणाची कथा निराळी नाही. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ८३ मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन त्यात भरायचे आणि कपातीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मात्र ठरावीक मुदतीची नेमणूक संपणे किंवा कराराचे नूतनीकरण न होणे याला संहिता कपात मानत नाही आणि राजीनामा तर कपात नव्हेच. म्हणजे वाट पुन्हा त्याच रकान्यापाशी येऊन अडते. ज्याला हे पैसे मिळतील त्यालाही पंधरा दिवसांच्या वेतनात कोणते कौशल्य शिकावे, कोठे शिकावे आणि ते शिकेपर्यंत घर कशावर चालवावे, हे सांगणारे कोणी नाही.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन, असे तिचे स्वरूप. योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे, कारण ती नवशिक्यांसाठी आखलेली आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रेस शॉपमध्ये वीस वर्षे घालवलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाचे काम रोबोटने घेतले, तर विद्यावेतनासह नवे काम शिकण्याची त्याच्यासाठी कोणती योजना आहे? केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षण मोफत मिळते खरे, परंतु शिकण्याच्या काळात घरखर्चाची सोय नाही. चौकशीला गेल्यावर ‘बॅच भरली की कळवू’ असे उत्तर मिळते. बॅच भरेपर्यंत तो माणूस रिक्षा चालवायला लागलेला असतो किंवा रोजाने गोदामात पोती उचलत असतो, आणि बॅच सुरू झाली तरी दिवसाची मजुरी बुडवून वर्गात बसणे त्याला परवडत नाही.

या राज्याला हा प्रश्न नवा नाही. गिरणी संपानंतर चार वर्षांनी, १५ सप्टेंबर १९८६ पासून, कायमच्या बंद झालेल्या खासगी कापड गिरण्यांतील पात्र कामगारांसाठी केंद्राने पुनर्वसन निधी योजना लागू केली होती. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत तीत होती. अंमलबजावणीत तिच्यातही त्रुटी होत्या, वेतनमर्यादा तुटपुंजी होती. तरीही हातचे काम गेलेल्या प्रौढ माणसाला सावरायला तीन वर्षे लागू शकतात, एवढी जाण तिच्या रचनेत होती. ती योजना २०१७ मध्ये राजीव गांधी योजनेत विलीन झाली. आज आपण बहुतेकांसाठी तीन वर्षांवरून तीन महिन्यांवर आलो आहोत.

आता प्रतीक्षेविषयी. २०२० मध्ये नियम शिथिल करताना दावा १५ दिवसांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. प्रत्यक्षात अर्जाच्या स्थितीपुढे ‘अंडर प्रोसेस’ एवढेच दिसत राहते. अर्ज कोणत्या टेबलावर आहे, कोणता कागद कमी आहे, कधीपर्यंत निर्णय होईल, यातले काहीही कळत नाही. घरमालक, किराणा दुकानदार आणि फायनान्स कंपनी यांना ‘अंडर प्रोसेस’ समजत नाही. हप्ता चुकला की बँक दंड लावते आणि येणाऱ्या भत्त्यातील काही भाग तो येण्याआधीच खर्ची पडतो. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी ३० दिवसांत न दिल्यास मालकाला व्याज द्यावे लागते. वेतन संहितेनुसार काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत देय वेतन चुकते करायचे आहे. मालकाला अशी कालमर्यादा घालणाऱ्या सरकारने स्वतःच्या विमा महामंडळालाही तशीच मर्यादा आणि विलंबाबद्दल व्याज का लावू नये? राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. ईएसआय केंद्राची असल्याने तिला तो लागू होत नाही, परंतु प्रशिक्षणाचे अर्ज आणि विद्यावेतनाचे वाटप राज्याच्या कौशल्य विभागाकडे आहे. त्या सेवा या कायद्याखाली अधिसूचित करून त्यांना कालमर्यादा घालणे राज्याला आजही शक्य आहे.

दर महिन्याला विवरणपत्र सादर होताच ज्या कामगाराचे शून्य दिवस दाखवले गेले त्याच्या मोबाइलवर ‘तुमच्या मालकाने अमुक कारण नोंदवले आहे, हे मान्य आहे का’ असा मराठीतून संदेश जावा आणि हरकत घेण्यासाठी महिन्याची मुदत मिळावी, एवढी एक सुधारणा झाली तरी मी वर्णन केलेले निम्मे दावे अडणार नाहीत. विमित कामगाराचा मोबाइल क्रमांक आणि बँक खाते ही माहिती महामंडळाने आधीच घेतलेली आहे. कामगार संघटनांनी आणि महामंडळावरील कामगार प्रतिनिधींनी ही मागणी पुढच्या बैठकीत मांडावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर